जुन्या डिझेल व्हॅनच्या नोंदी: आधीच्या दुरुस्त्या सोडवताना

५ ऑक्टोबर २०२४, शनिवार

व्हॅन आली. ट्रेलरवरून उतरवून चौघांनी ढकलत शेडमध्ये घेतली. १९८४ ची गाडी, मागच्या चाकांना ताकद, चार गिअर. इंजिन मर्सिडीजचे ओएम ६१६. चार सिलिंडर, २.४ लिटर, प्री-चेंबरचे (डिझेल आधी एका छोट्या कप्प्यात पेटते असे), टर्बो नाही, कसले इलेक्ट्रॉनिक्स नाही. १९७३ साली २४० डी मोटारीत आलेले हे इंजिन नंतर व्हॅनमध्ये, टॅक्सींत, मॅटाडोरमध्येही बसले. त्याची थंड असतानाची टकटक मी लहानपणापासून ओळखते आणि खरे सांगायचे तर गाडी घेतली ती त्या आवाजासाठीच.

विकणारा म्हणाला होता, "इंजिन गेलंय, बॉडी मात्र चांगली आहे." सकाळी सुरू होत नाही, झाली तर खडखडते, पांढरा धूर सोडते, तापते.

मामा संध्याकाळी आले. त्यांचे सगळे आयुष्य डिझेल पंप आणि नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी तोंडे, यांच्या कामात गेले आहे. बॉनेट उघडून दहा मिनिटे नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "अगं, इतक्यात काही दुरुस्त करू नकोस. आधी काय काय केलंय ते सोडव. याच्यात मूळ बिघाड कुठला आणि इलाज कुठला हेच कळत नाहीये."

म्हणून वही घातली. डावीकडे जे दिसेल ते, उजवीकडे ते कशासाठी केले असावे. प्रत्येक गोष्ट काढण्याआधी फोटो आणि चिठ्ठी.

६ ऑक्टोबर, रविवार

आज फक्त यादी. डावी बाजू भरत गेली:

हीटर प्लगचा (थंड इंजिन सुरू करताना आतून तापवणाऱ्या प्लगचा) रिले गायब, त्याच्या जागी डॅशबोर्डवर दारावरच्या घंटीचे बटण. बटणापासून प्लगपर्यंत हॉर्नला वापरतात तेवढी बारीक वायर, दोन ठिकाणी वितळलेली. फ्यूज बॉक्समध्ये तीन फ्यूजना चांदीचा कागद गुंडाळलेला. टाकीकडून येणाऱ्या डिझेलच्या नळीला क्लिप नाही, बांधकामाची तार पिळून आवळलेली. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपावरच्या हातपंपाच्या बुडाशी इपॉक्सीचा गोळा. थर्मोस्टॅटच्या घरात थर्मोस्टॅटच नाही. रेडिएटरमध्ये गंजाचे तांबडे पाणी. एअर क्लीनरच्या तोंडाशी स्टार्टिंग स्प्रेचा रिकामा डबा, म्हणजे रोज सकाळी तोच आधार होता.

उजवी बाजू अर्धी कोरी राहिली. कशाला केले असेल हे ज्याचे सुचत नाही, ते घाईने काढायचे नाही असे ठरवले.

१२ ऑक्टोबर, शनिवार

सर्वांत आधी अर्थिंग, कारण सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) हळू फिरत होता आणि तो नीट फिरल्याशिवाय पुढची कोणतीच चाचणी खरी नाही.

बॅटरीच्या निगेटिव्हवर मीटरचे एक टोक, इंजिनच्या ब्लॉकवर दुसरे, आणि सेल्फ मारला. १.९ व्होल्ट. तिथे जवळजवळ शून्य यायला हवे, अर्ध्या व्होल्टपर्यंत चालवून घेता येते. गाडीखाली गेले तर गिअरबॉक्स आणि बॉडी यांना जोडणारी विणलेली पट्टीच नव्हती. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते, त्यामुळे ही पट्टी नसली की सेल्फचा शेकडो अँपिअरचा करंट परतीची जी वाट मिळेल ती धरतो. इथे त्याने ॲक्सिलरेटरची केबल धरली होती. तिचे प्लास्टिक आतून भाजून केबल घट्ट झाली होती आणि ती परत यावी म्हणून कुणीतरी पंपाच्या लिव्हरला जास्तीची स्प्रिंग लावली होती. वहीतली एक कोरी जागा भरली.

नवी पट्टी लावली, दोन्हीकडचा रंग खरवडून पत्रा चकचकीत केला, वर ग्रीस. पुन्हा मोजले: ०.२ व्होल्ट. सेल्फचा आवाजच बदलला. केबल नवी घातली, जादा स्प्रिंग काढली.

१९ ऑक्टोबर, शनिवार

इंजिन खरेच गेले आहे का, याचे उत्तर आज मिळायला हवे होते. चारही हीटर प्लग काढले, डिझेलचा कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणारे मीटर, लावला. पेट्रोल इंजिनचा गेज इथे चालत नाही. त्याची मजल अपुरी पडते, काटा तुटतो. या इंजिनाला चांगल्या स्थितीत २२ ते २४ बार हवेत, १५ च्या खाली जाऊ नये, आणि चार सिलिंडरमध्ये ३ बारपेक्षा जास्त फरक नसावा.

पहिला २३, दुसरा १६, तिसरा २२.५, चौथा २२.

तीन सिलिंडर उत्तम. दुसऱ्यात थोडे ऑइल घालून पुन्हा मोजला तर काटा जेमतेम अर्धा बार वर गेला. रिंग झिजल्या असत्या तर ऑइलने फट भरून आकडा बराच चढला असता. म्हणजे दाब व्हॉल्व्हमधून जातो आहे.

टॅपेटवरचे, म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या भागांवरचे, कव्हर काढले. या इंजिनाला थंड असताना इनटेकला ०.१० आणि एक्झॉस्टला ०.३० मिलिमीटर गॅप लागतो. दुसऱ्याच्या एक्झॉस्टला फिलर गेजचे सर्वांत पातळ पानही जाईना. व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नव्हता. असा व्हॉल्व्ह चालवत राहिले की काठ जळतो, कारण सीटवर टेकल्याशिवाय त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही. टॅपेट सैल झाला की टकटक ऐकू येते आणि माणूस लक्ष देतो. आवळलेला टॅपेट मुकाट असतो आणि इंजिन मारतो. आवाज कमी करायला कुणीतरी सगळे टॅपेट आवळून ठेवले होते, हे स्पष्ट दिसत होते, कारण आठपैकी एकही बरोबर नव्हता.

१४ चे दोन वाकडे पाने आणि वरची चकती धरायला तिसरा, अशी या इंजिनाची पद्धत. एकटीला हात कमीच पडतात, पण घाई नव्हती. क्रँक फक्त चालण्याच्या दिशेने फिरवायचा, उलटा कधीच नाही, व्हॉल्व्ह हलवणारी चेन उडी मारू शकते. दोन तास लागले. पुन्हा कॉम्प्रेशन: दुसरा २१.

मामांना फोन केला. ते एवढेच म्हणाले, "मग खडखडतंय काय ते बघ आता."

२६ ऑक्टोबर, शनिवार

खडखड दोन कारणांनी होऊ शकते, बेअरिंग किंवा टायमिंग, म्हणजे डिझेल फवारण्याची वेळ. ती वेळ ठरवणाऱ्या मुख्य डिझेल पंपाच्या फ्लँजवर कारखान्याची खूण रंगाखाली दडलेली होती. रंग खरवडला तेव्हा पंप खुणेपासून इंजिनकडे चांगलाच सरकवलेला दिसला, आणि शेजारी हातोडीचे तीन ठोके.

ड्रिप पद्धतीने मोजले. पंपातल्या पहिल्या एलिमेंटच्या (पहिल्या सिलिंडरला डिझेल देणाऱ्या भागाच्या) डिलिव्हरी व्हॉल्व्हची पिन आणि स्प्रिंग काढली, वर हंसाच्या मानेसारखी वाकडी नळी बसवली, डिझेल उंचावरून नुसत्या उताराने सोडले. लिव्हर फुल ठेवून क्रँक हळूहळू फिरवायचा. नळीतून धार पडते, मग थेंब, आणि सेकंदाला एक थेंब झाला की तो क्षण धरायचा आणि पुलीवरचे अंश वाचायचे. पिस्टन वर पोहोचण्याआधी २४ अंशांवर यायला हवे होते. आले २९.

पाच अंश आधी डिझेल पडले की ते पेटेपर्यंत जास्त साठते आणि एकदम भडकते. खडखड त्याचीच. गेलेल्या इंजिनाची नव्हे.

पण कुणी पाच अंश पुढे का घेतले असतील? उजव्या रकान्यात मी लिहिले: "सकाळी सुरू व्हावी म्हणून." म्हणजे सगळ्या गोष्टी त्या एका सकाळच्या तक्रारीपाशी येऊन थांबतात. घंटीचे बटण तिच्यासाठी, स्प्रे तिच्यासाठी, टायमिंग तिच्यासाठी. सकाळी का सुरू होत नव्हती हे मात्र कुणी शोधले नाही.

पंप सध्या २४ वर आणला, नट आवळले. पाइप लावताना एकाचा नट चुकीच्या आट्यांत जबरदस्तीने घातलेला आढळला. तो पाइप बदलावा लागेल.

२ नोव्हेंबर, शनिवार

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा.

टाकीची नळी आणि फीड पंप यांच्यामध्ये वीतभर पारदर्शक नळी घातली. रात्री हातपंपाने डिझेल भरून नळी काठोकाठ केली आणि झोपायला गेले. सकाळी सहाला टॉर्च घेऊन आले तर नळी रिकामी. सगळे डिझेल टाकीकडे परत उतरले होते.

गाडीने रात्रभर हवा घेतली होती. टाकी खाली, पंप वर. कुठे तरी केसाएवढी फट असली की हवा आत येते आणि डिझेल आपल्या वजनाने मागे जाते. बाहेर एक थेंबही सांडत नाही, कारण गळती आतल्या दिशेची आहे. म्हणूनच ती कुणाला दिसली नाही. नुकतीच बंद केलेली गाडी लगेच सुरू होई, रात्रभर उभी राहिलेली होत नसे, याचा अर्थ आता लागला.

फटी दोन. तारेने पिळलेली नळी पाण्याच्या कामाची होती, डिझेलने आतून कडक होऊन तिला चिरा गेल्या होत्या. आणि हातपंपाची सील गेलेली, तीच इपॉक्सीने झाकायचा प्रयत्न केलेला. इपॉक्सी बाहेरून चिकटली होती, दांडा आतून हवा ओढत होता.

नवा हातपंप बसवला, डिझेलला चालणारी नळी, दोन्ही टोकांना गोल क्लिपा. नोझलच्या परतीच्या विणलेल्या बारीक नळ्याही सगळ्या बदलल्या. पुन्हा रात्रभर ठेवली.

३ नोव्हेंबर, रविवार

नळी भरलेली. एक बुडबुडा सोडून काही नाही.

एवढ्यासाठी. हातभर रबर आणि एक सील.

१० नोव्हेंबर, रविवार

नोझल मामांच्या तपासणी स्टँडवर. एकेक लावून हँडल दाबले आणि उघडण्याचा दाब पाहिला: ८५, ११०, १४०, ९५ बार. नव्याला ११५ ते १२५ लागतो, वापरलेल्याला १०० च्या खाली चालत नाही. तिसऱ्यात कुणीतरी दिसेल ती शिम (दाब ठरवणारी पातळ चकती) घालून १४० वर नेला होता. पहिला तर फवारत नव्हता, ठिबकत होता. चांगला नोझल हलक्या दाबाला करकर वाजतो आणि धुक्यासारखा बारीक शंकू सोडतो. हे नुसते ऐकूनही मामा सांगतात.

चारही टिप नव्या घेतल्या, शिमा बदलत चौघांना ११८ ते १२१ च्या आत आणले. मामांनी शिमा निवडल्या, हँडल माझ्याकडे दिले. स्टँडवर काम करताना त्यांची एकच ताकीद, जी मी इथे मोठ्या अक्षरात लिहायला हवी: फवाऱ्यासमोर बोट आणायचे नाही. त्या दाबाचे डिझेल कातडीतून आत शिरते. वरून टाचणी टोचल्याएवढे दिसते, पण काही तासांत हात जायची वेळ येऊ शकते. थेट रुग्णालय.

नोझलच्या खाली बसणाऱ्या उष्णतारोधक चकत्या दर वेळी नव्या घालायच्या असतात. गाडीतून निघाल्या त्या अशा: एका भोकात दोन एकावर एक, एका भोकात एकही नाही. नव्या चार घातल्या, नोझल ७५ न्यूटन-मीटरला आवळले.

हीटर प्लगची भोके काजळीने भरली होती. त्यासाठीचा रीमर ग्रीस लावून हाताने फिरवला, काजळी ग्रीसला चिकटून बाहेर आली. प्लग चारही नवे, रिले मूळच्या जागी, जाड वायर, योग्य फ्यूज. घंटीचे बटण काढताना वाटले तसे बरे वाटले नाही. कुणीतरी थंडीत उभे राहून ते रोज दाबत असेल, गाडी सुरू व्हावी म्हणून. स्प्रेचा डबा मात्र लगेच फेकला. त्यातला ईथर सुमारे १६० अंशांना आपोआप पेटतो. तापलेल्या हीटर प्लगसमोर त्याचा फवारा मारणे म्हणजे पिस्टन वर येण्याआधीच स्फोट. प्री-चेंबरच्या इंजिनाने हे किती सकाळी सोसले असेल.

१७ नोव्हेंबर, रविवार

सुरू केली. सकाळी साडेसहा, बाहेर दव. हीटरचा दिवा लागला, विझला, सेल्फ. दोन वळशांत पकडले. आधी थोडा पांढरा धूर, अर्ध्या मिनिटात स्वच्छ. खडखड नाही. आपली ती जुनी टकटक. मामा शेडच्या दाराशी उभे होते, डोळे मिटून ऐकत. "हं," म्हणाले. मी बॉनेटवर हात ठेवून तशीच उभी राहिले.

मग गरम होऊ दिली आणि तापू लागली, म्हणून बंद केली.

३० नोव्हेंबर, शनिवार

तापण्याचे कारण. गाडी तापते म्हणून कुणीतरी थर्मोस्टॅट काढून टाकला होता. समज असा की अडथळा काढला की पाणी जास्त फिरेल. या इंजिनात थर्मोस्टॅट दोन कामे करतो. गरम झाल्यावर रेडिएटरची वाट उघडतो आणि त्याच वेळी बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायम उघडा, आणि बरेचसे पाणी रेडिएटरला न भेटताच इंजिनात परत. थंडीत गाडी गरम होत नाही, चढावर थंड होत नाही.

सायट्रिक ॲसिडने दोनदा धुतले, नंतर नुसत्या पाण्याने निवळ होईपर्यंत. रेडिएटरच्या खालच्या नळ्या गाळाने बुजल्या होत्या, त्याचा गाभा नवा घालावा लागला. थर्मोस्टॅट ८० अंशांचा. पाणी आणि कूलंट निम्मे निम्मे.

जागेवरच अर्धा तास इंजिन चालू ठेवले. काटा ८२ च्या आसपास.

१४ डिसेंबर, शनिवार

ब्रेक. हे सगळ्यांत आधी उघडायला हवे होते. मी इंजिनाच्या नादात राहिले. गाडी अजून शेडबाहेर गेलेली नाही एवढेच.

मागचा डावा ड्रम काढला. व्हील सिलिंडर कधीचा गळत असावा, लायनर (ड्रमला घासून चाक थांबवणारा थर) ब्रेक ऑइलने चिंब. गळती थांबवायला काय केले होते? पाइप पक्कडीने चेपून दुमडला होता. त्या चाकाला ब्रेकच नव्हता. पेडल कडक लागावे आणि ऑइल कमी होऊ नये, एवढ्यासाठी चारापैकी एक चाक बंद करून ही गाडी रस्त्यावर, माणसांमध्ये चालवली गेली. टॅपेट, टायमिंग, घंटी, या सगळ्यामागची अडचण मी समजून घेऊ शकते. हे नाही.

मी त्या दिवशी हत्यारे गोळा केली आणि घरी गेले.

२९ डिसेंबर, रविवार

ब्रेकचे सगळे नव्याने. पाइप तांबे-निकेलचे, टोकांना दुहेरी फ्लेअर (दुमडून पसरवलेले तोंड). शुद्ध तांब्याचा एक तुकडा मधे जोडलेला होता, तोही पाण्याच्या नळाच्या जोडाने. दोन्ही व्हील सिलिंडर, लायनर, तिन्ही लवचीक होस, मास्टर सिलिंडरचे किट. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखी मॅनिफोल्डची ओढ नसते, ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरला वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. त्याच्या नळीला टेप गुंडाळलेली. तीही बदलली.

ऑइल डॉट ४. ताजे असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, हवेतला ओलावा शोषल्यावर १५५ पर्यंत उतरतो, म्हणून उघडा राहिलेला डबा वापरायचा नाही.

हवा काढायला मुलगी पेडलवर. "दाब." "दाबलंय, आई." "धरून ठेव." बुडबुडे. "सोड." लांबच्या चाकापासून जवळच्याकडे, चाळीसेक वेळा. शेवटी ती म्हणाली, "आई, आता पाय आत जातच नाही." तेच हवे होते.

११ जानेवारी २०२५, शनिवार

बॉडी. चुंबक घेऊन फिरले. डाव्या बाजूच्या खालच्या पट्ट्यावर हातभर अंतरात तो कुठेच चिकटेना. पुट्टी, तिच्याखाली फायबरची जाळी, खाली पॉपरिव्हेटने ठोकलेला गॅल्व्हनाइज्ड पत्रा, आणि आत पिवळा फोम. फोम पाणी सोडत नाही, स्पंज होऊन धरून ठेवतो. बाहेरून गुळगुळीत, आतून गंज चालूच. पाणी निघायची मूळची भोकेही पुट्टीने बुजवलेली होती.

ग्राइंडर लावला. पांढरा, चमकदार, जाड पत्रा लागेपर्यंत कापत जायचे, हा एकच नियम. मला वाटले होते वीतभर जाईल, गेला सव्वा मीटर. गॅल्व्हनाइज्ड तुकडे वेल्डिंगआधीच उपटून टाकले. जस्ताचा धूर ताप आणतो.

२६ जानेवारी, रविवार

आतला पट्टा, मग बाहेरचा. १.२ मिलिमीटरचा पत्रा, ०.८ ची वायर. वेल्डिंगआधी बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी काढल्या. एका जागी सलग ओढायचे नाही, एक ठिपका इथे, दुसरा हातभर दूर, नाहीतर उष्णतेने पत्रा वाकतो. माझे पहिले दोन तुकडे वाकले, कापून काढले, पुन्हा केले. सांध्यांच्या आत वेल्ड-थ्रू प्रायमर, वरून सीलर, पाण्याची भोके पुन्हा पाडली, आणि पोकळीत मेण फवारले.

अजून उजवे मागचे चाकघर आणि ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा शिल्लक. दोन्ही जागी त्याच माणसाचा हात दिसतो आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

चाकघर झाले. पायाखालचा पत्रा झाला. गाडी तपासणीला नेली आणि ती पास झाली, ब्रेकचे आकडे डावे-उजवे जवळजवळ सारखे.

घरी येताना मामा शेजारी बसले होते. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ते डॅशबोर्डकडे बघत म्हणाले, "ते भोक तेवढं बुजवून टाक." घंटीच्या बटणाचे भोक. मी म्हटले, "मामा, राहू दे. दुसरी वही सुरू केली की बघू." गिअरबॉक्समधून दुसऱ्यात टाकताना कट्ट आवाज येतो आहे. पुढच्या शनिवारी ऑइल काढून बघते.